नाणेघाटाने वर, दाऱ्या घाटाने खाली : दोन दिवसांची गोल वाट जमेल का?

पायपीट | २४ नोव्हेंबर, रात्री १०:१२

मंडळी, गेल्या वर्षी वैशाखऱ्याहून नाणेघाट चढलो, लेणं बघितलं आणि आल्या वाटेने खाली उतरलो. वाट सुंदरच आहे, पण त्याच वाटेने परत येताना मला नेहमी उष्टं खाल्ल्यासारखं वाटतं. चढताना बघितलेलं झाड उतरताना परत बघायचं, तोच दगड, तोच ओढा. म्हणून यंदा गोल मारायचा विचार आहे.

डोक्यातला आराखडा असा. पहिल्या दिवशी कल्याणहून माळशेजकडे जाणाऱ्या एसटीने नाणेघाटाच्या फाट्याला उतरायचं, घाट चढायचा, जीवधन किल्ला करायचा आणि घाटघरला मुक्काम. दुसऱ्या दिवशी पठारावरून ढाकोबा डोंगराच्या दिशेने आंबोली गाठायची, दाऱ्या घाटाने कोकणात पळूला उतरायचं आणि मिळेल त्या जीपने हायवेला लागायचं.

बरोबर माझा मामा आहे. वय ६१. रोज सात-आठ किलोमीटर चालतो, दम उत्तम, पण डावा गुडघा कुरकुरतो. तिसरा एक मित्र, त्याचा काहीच त्रास नाही, तो फक्त खातो.

प्रश्न :
जीवधन मामाला जमेल का?
घाटघर ते आंबोली वाट सापडते का, की वाटाड्या घ्यावा?
दाऱ्या घाट उतरायला कसा आहे?
डिसेंबरच्या मध्यावर वर पाणी कुठे मिळेल?

---

टकमक_टोक | २४ नोव्हेंबर, रात्री १०:४०

आंबोली? सावंतवाडीची? दोन दिवसांत नाणेघाट ते सावंतवाडी चालणार असाल तर मामांना माझा साष्टांग नमस्कार.

---

पायपीट | २४ नोव्हेंबर, रात्री १०:४४

हाहा. जुन्नर तालुक्यातली आंबोली हो. मीना नदी उगम पावते तिथली.

---

जुन्नरकर | २५ नोव्हेंबर, सकाळी ६:५५

आमच्याच भागातला धागा निघालाय म्हटल्यावर लिहिणं भाग आहे.

आधी पाणी. घाटघर गावात पाणी आहे, आंबोलीत आहे. मधल्या रानात ओढे आहेत, पण डिसेंबर मध्यावर त्यातले बरेचसे नुसत्या डबक्यांवर येतात. माणशी तीन लिटर घेऊनच निघा. जीवधनवर टाकी आहेत, पण पिण्याजोगं पाणी मिळेलच या भरवशावर वर जाऊ नका.

वाट : घाटघरहून जीवधनच्या पायथ्याने दक्षिणेला निघालात की पहिला तासभर ढोरवाटा इतक्या फुटतात की विचारू नका. गुरं चरायला जिथे जिथे जातात तिथे तिथे वाट. त्यातली कुठली पुढे जाते आणि कुठली करवंदीच्या जाळीत संपते, हे फक्त गुराख्याला माहीत. वाटाड्या घ्याच. घाटघरमध्ये किंवा आंबोलीत विचारलंत तर कोणीतरी येतं. फोनवरच्या नकाशातल्या रेघेवर विसंबू नका. ती रेघ मारणारा स्वतः तीनदा चुकलेला असतो, आणि त्याची चूकही रेघेत जशीच्या तशी उमटलेली असते.

जीवधन : कल्याण दरवाजाकडून चढलात तर कातळात कोरलेल्या पायऱ्या आहेत, पण वरच्या टप्प्यात त्या तुटलेल्या आहेत. १८१८ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतल्यावर वाटा उडवल्या असं सांगतात. तिथे हात लावून चढावं लागतं. दम असलेल्या माणसाला अवघड नाही, उंचीची भीती असलेल्याला आहे. जुन्नर दरवाजाच्या बाजूलाही तसाच एक टप्पा आहे.

बिबट्याचं विचाराल म्हणून आधीच सांगतो. आमच्याकडे माणिकडोहला बिबट्या निवारा केंद्र आहे ते उगाच नाही. पण त्याचा मुक्काम जास्त करून पूर्वेकडच्या उसात असतो. रात्री एकट्याने भटकू नका, एवढंच.

---

कुरकुरे_गुडघे | २५ नोव्हेंबर, सकाळी ९:२०

माझं नावच बघा, म्हणजे मी का लिहितोय ते कळेल.

पायपीट, तुम्ही गोल उलटा काढलाय. दाऱ्या घाट मी उतरलोय. नाळ आहे ती, म्हणजे कड्यातली धोंड्यांनी भरलेली घळ. मोठमोठे धोंडे, मध्ये घसारा, वर वाळलेला पाला. पाल्याखाली दगड आहे की पोकळी, ते पाय टाकल्यावर कळतं. माझ्या उजव्या गुडघ्याने त्या दिवशी जो राजीनामा दिला तो अजून मागे घेतलेला नाही.

मामांचा दम चांगला आणि गुडघा वाईट. म्हणजे चढ कितीही अवघड द्या, उतार सोपा द्या. दाऱ्याने चढा, नाणेघाटाने उतरा. नाणेघाटात वरच्या घळीत फरसबंदी आहे, कोरलेल्या पायऱ्या आहेत, खाली रुंद मळलेली वाट. गुडघ्यांसाठी याहून चांगला उतार त्या कड्यावर नाही.

---

जुन्नरकर | २५ नोव्हेंबर, सकाळी ९:५१

गुडघे काकांना +१. मला सुचायला हवं होतं. शिवाय नाणेघाटाने उतरलात की थेट हायवे. पळूला उतरलात तर संध्याकाळी जीपची वाट बघत बसावं लागेल.

---

अर्धवटराव | २५ नोव्हेंबर, दुपारी १:०५

नाणेघाट म्हणजे जगातला पहिला टोलनाका! माथ्यावरचा तो दगडी रांजण नाण्यांनी भरायचा रोज. आणि तिथल्या शिलालेखात शून्याचा पहिला उल्लेख आहे. आपल्या लोकांना याची किंमतच नाही.

---

लिपीवेडा | २५ नोव्हेंबर, दुपारी ३:३०

अर्धवटराव, भावना पोचल्या. पण शून्य तिथे नाही.

तिथे जे आहे ते पुरेसं थोर आहे, त्यावर खोटा मुलामा कशाला? घळीच्या माथ्याशी जे लेणं आहे त्यात डाव्या आणि उजव्या भिंतीवर मोठा लेख आहे. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. सातवाहन राजा सातकर्णीची राणी नागनिका (लेखात नायनिका) हिच्याशी तो जोडला जातो. सुरुवातीला धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि यम, वरुण, कुबेर, वासव या चार लोकपालांना नमन. मग राणीचं वर्णन, महिना महिना उपवास करणारी, घरात राहून तपस्विनीसारखी जगणारी. आणि मग यज्ञांची यादी : अश्वमेध, राजसूय आणि इतर कितीतरी. प्रत्येक यज्ञाला दक्षिणा काय दिली याचा हिशोब. गाई, घोडे, हत्ती, कार्षापण (तेव्हाची नाणी).

या हिशोबातच अंक येतात. भारतात कोरलेल्या जुन्या अंकांमध्ये यांचं स्थान फार वरचं आहे. पण ही पद्धत आपल्या आजच्या पद्धतीसारखी नाही. दहाला वेगळी खूण, वीसला वेगळी, शंभराला वेगळी, हजाराला वेगळी. चार हजार लिहायचे तर हजाराच्या खुणेला चाराची खूण जोडायची. स्थानावरून किंमत ठरत नाही, त्यामुळे शून्याची गरजच पडत नाही.

मागच्या भिंतीवर राजघराण्याच्या मूर्ती होत्या. सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि राजा सातकर्णी, कुमार भाय, महारठी, आणखी दोन कुमार. मूर्ती गेल्या. वर नावं आणि खाली पावलांचे अवशेष तेवढे उरलेत. मला तो कोपरा मुख्य लेखापेक्षा जास्त अस्वस्थ करतो. नावं शाबूत, माणसं गायब.

आता रांजण. जकातीसाठी होता ही पूर्वापार चालत आलेली समजूत आहे. घाटाचं नावही तिला पोषक आहे, आणि इतक्या वाहत्या व्यापारी वाटेवर जकात घेत नसतील असं कोण म्हणेल? पण त्या रांजणावर तसं काही कोरलेलं नाही. वाटसरूंना पाणी प्यायला ठेवलेला रांजण असेल तर? घाट चढून आलेल्या माणसाला आधी काय लागतं, पावती की पाणी?

---

अर्धवटराव | २५ नोव्हेंबर, दुपारी ४:०२

माझं नाव सार्थ झालं. शून्य मागे घेतो. रांजण मात्र मागे घेणार नाही!

---

टकमक_टोक | २५ नोव्हेंबर, दुपारी ४:१०

रांजण मागे घ्यायला जेसीबी लागेल.

---

मीठभाकरी | २६ नोव्हेंबर, सकाळी ११:१५

लिपीवेडा, लेखाचा काळ नक्की कोणता धरायचा? कुठे इ. स. पू. दुसरं शतक वाचते, कुठे पहिलं.

---

लिपीवेडा | २६ नोव्हेंबर, रात्री ८:४५

ताई, दोन्ही वाचाल. १८२८ मध्ये कर्नल साइक्सने या लेखांची नोंद केली. पुढे ब्यूलरने ते वाचून छापले, आणि तेव्हापासून सातवाहनांची सुरुवात कधी धरायची यावर अभ्यासक भांडतायत. त्या भांडणावर या लेखाचा काळ अवलंबून. अक्षरांच्या वळणावरून आज बरेच जण इ. स. पू. पहिल्या शतकाकडे झुकतात. मीही.

एक गंमत सांगतो, चालताना डोक्यात ठेवा. इ. स. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक खलाशी-मार्गदर्शिकेत कल्याण बंदराचा उल्लेख आहे, पैठणचाही. त्यात लिहिलंय की कल्याण पूर्वी रीतसर बाजारपेठ होती, पण आता तिथे चुकून आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेतात. म्हणजे खाली बंदराची नाकेबंदी. मग वर घाटात काय झालं असेल? हा माझा तर्क, पुरावा नाही : काही वर्षं हा सगळा घाट ओस पडला असेल, आणि रांजणाजवळ बसणारा माणूस, तो पाणी देवो की पैसे घेवो, माश्या मारत बसला असेल.

---

जुन्नरकर | २७ नोव्हेंबर, सकाळी ७:१०

लिपीवेडा यांनी खालचं सांगितलं, मी वरचं सांगतो. जुन्नरभोवती दोनशेच्या वर लेण्यांची कोरकामं आहेत. लेण्याद्री, मानमोडी, शिवनेरी, तुळजा. तुळजाचं चैत्यगृह तर गोल, बारा खांबांचं. ही सगळी दानं कुठून आली? घाटातून वर येणाऱ्या पैशातून. काही दानलेखांत दाता 'यवन' (तेव्हाच्या अर्थाने ग्रीक) आहे.

आणि जीवधनबद्दल लोक नुसतं वानरलिंगी सुळक्यासमोर फोटो काढून येतात. निजामशाही बुडत असताना मूर्तिजा नावाचा तिचा लहान वारस याच किल्ल्यात कैदेत होता. शहाजीराजांनी त्याला सोडवलं, पेमगिरीला गादीवर बसवलं आणि त्याच्या नावाने कारभार चालवला. गडावर धान्यकोठी आहे, आत कमळ कोरलेलं, आणि जमिनीवर राखेसारखा थर. १८१८ च्या लढाईत कोठी जळाली असं आमच्याकडे सांगतात. बॅटरी न्या, आत गुडुप अंधार असतो.

---

हिरवळ | २७ नोव्हेंबर, दुपारी १२:३०

दोन दिवस जमत नसतील तर नाणेघाटाच्याच शेजारच्या भोरांड्याच्या दाराने चढून नाणेघाटाने उतरा, एका दिवसात गोल होतो. पण तीही नाळच, धोंड्यांची.

पावसाळ्यात मात्र कुणी जाऊ नका. उलटा धबधबा बघायला इतकी गर्दी उसळते की घाटाऐवजी रेल्वेचा जिना वाटतो. आणि मागे उरतात त्या बाटल्या.

---

पायपीट | १९ डिसेंबर, रात्री ११:३५

आलो! सगळ्यांचे आभार, विशेषतः कुरकुरे गुडघे यांचे. आम्ही गोल उलटा फिरवला.

आदल्या रात्री पळूत मुक्काम. पहाटे सव्वासहाला निघालो. गावातल्या एका काकांना आंबोलीपर्यंत सोबत घेतलं. वय मामाएवढंच, पायात साध्या चपला, हातात कोयता. शेतं संपली की रान सुरू, रान संपलं की नाळ. गुडघे काकांनी लिहिलं होतं त्यात एका अक्षराची अतिशयोक्ती नाही. डोक्याएवढे, टेबलाएवढे, मधूनच खोलीएवढे धोंडे. एकावरून दुसऱ्यावर. ऊन अजून कड्याआड होतं आणि ढाकोबाची भिंत उजव्या हाताला वर वर जात होती. मान मागे टाकून बघितली तर टोपी पडते, एवढी.

आम्हाला सलग फरसबंदी कुठे दिसली नाही. वाटाड्या काका म्हणाले, "ही वाट आमची. मीठ-मिरचीची, सोयरिकीची. बैल हितून न्हाई चढत." काकांची आजी याच वाटेने डोक्यावर भात घेऊन वर जायची म्हणे.

साडेदहाला माथ्यावर. मामा पहिला. खाणारा मित्र शेवटचा.

काका आंबोलीला वळले आणि आम्ही शहाणपणा केला. वाटलं आता पठार आहे, समोर जीवधन दिसतोय, वाटाड्या कशाला? जुन्नरकर, तुमचं वाक्य त्या क्षणी आठवलं असतं तर बरं झालं असतं. जीवधन दिसतो, मग झाडीत शिरलं की दिसत नाही, मग दिसतो तेव्हा भलत्याच बाजूला. फोनवरच्या रेघेने आम्हाला इमानदारीने एका कड्याच्या टोकावर नेऊन उभं केलं. खाली कोकण. दीड तास कारवीत गेला. शेवटी लांबून गुरांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू आल्या, त्या आवाजावर गेलो. हिरड्याखाली एक मुलगा बसला होता. त्याने विचारलं, "हरवले का?" मामा म्हणाला, "नाही, फिरतोय." मुलगा म्हणाला, "सगळे तसंच म्हणतात," आणि उठून अर्धा तास आमच्या पुढे चालला.

घाटघरला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. पिठलं, तांदळाची भाकरी, आणि झोप.

दुसऱ्या दिवशी जीवधन जुन्नर दरवाजाच्या बाजूने, वर गेलो आणि तसेच खाली. (हो, तेवढं उष्टं खाल्लं.) कातळटप्प्याला मामा थांबला, "मी इथेच बसतो, तुम्ही बघून या" म्हणाला. आम्ही आग्रह केला नाही. कोठीत गेलो. कमळ बघितलं, राख बघितली. खाली आलो तेव्हा मामा गुराख्याबरोबर तंबाखू मळत बसलेला.

मग नाणेघाट, आणि मला लिहायचं होतं ते इथे आहे.

आदल्या दिवशी दाऱ्याने चढल्यामुळे नाणेघाट वेगळाच दिसला. गेल्या वर्षी मला ती फक्त पायऱ्यांची वाट वाटली होती. या वेळी पायांना दोन्ही वाटा माहीत होत्या. घळ अरुंद आहे, पण सलग आहे. मध्ये कुठे तुटत नाही, मोठा धोंडा लागत नाही, उतार एका लयीत राहतो. एकाच कड्यात, एका दिवसाच्या चालीत कितीतरी घळी आहेत. त्यातली हीच कुणीतरी निवडली. आधी त्या माणसाने बाकीच्या नाळी पायाखाली घातल्या असणार, आमच्यासारखाच कारवीत अडकला असणार. राणीने दिलेल्या गाईंचा हिशोब भिंतीवर आहे. वाट शोधणाऱ्याचं नाव कुठे नाही.

मामाचं म्हणणं, ही फरसबंदी चढणाऱ्यासाठी नाही, उतरणाऱ्यासाठी आहे. भरलेला बैल कसाही चढेल, उतरताना त्याचा खूर घसरला की माल गेला आणि बैलही गेला. त्याच्या गुडघ्याने दिलेला निर्वाळा आहे, शास्त्रीय आधार विचारू नये.

दुपारी तीनला लेण्यापासून निघालो, सव्वापाचला हायवेवर. गुडघा कुरकुरला नाही.

---

कुरकुरे_गुडघे | २० डिसेंबर, सकाळी ८:०५

वाचून माझाच गुडघा बरा झाला. मामांना नमस्कार सांगा. बैलाचा मुद्दा मला पटतो.

---

लिपीवेडा | २० डिसेंबर, सकाळी ९:४०

सुंदर. बैलाच्या मुद्द्याला मी तज्ज्ञ नाही, पण वाट निवडणाऱ्याबद्दल लिहिलंत ते लेणं बघताना माझ्या कधी मनात आलं नव्हतं. मी नेहमी जुन्नरहून गाडीने येतो आणि थेट भिंतीसमोर उभा राहतो. एकदा खालून चढायला हवं.

डाव्या भिंतीचा फोटो काढलात का? दुपारचं तिरपं ऊन असेल तर अक्षरं उठून दिसतात.

---

पायपीट | २० डिसेंबर, सकाळी ९:५८

काढला. त्यात ब्राह्मीपेक्षा "राहुल + पूजा" जास्त स्पष्ट आलंय.

---

जुन्नरकर | २० डिसेंबर, सकाळी १०:३०

😔

तो मुलगा कुठे भेटला, ओढ्याच्या अलीकडे की पलीकडे? अलीकडे असेल तर तुम्ही पारच खाली उतरला होतात. पुढच्या वेळी आंबोलीतून निघताना मला इथेच निरोप टाका, भावकीतलं कोणीतरी येईल सोबत.

---

मीठभाकरी | २० डिसेंबर, दुपारी २:१५

धागा वाचून आम्ही चौघी जानेवारीत जायचं ठरवतोय. पण पायपीट, शीर्षक उलटं आहे हो. शीर्षकात नाणेघाटाने वर आणि दाऱ्याने खाली. कोणी नुसतं तेवढंच वाचून गेलं तर?

---

पायपीट | २० डिसेंबर, दुपारी २:४०

बदलायला गेलो, पण इतक्या दिवसांनी संपादन बंद होतं. व्यवस्थापक बघत असतील तर कृपया शीर्षक उलटं करा : दाऱ्या घाटाने वर, नाणेघाटाने खाली. आणि मीठभाकरी, वाटाड्या आंबोलीला सोडू नका, घाटघरपर्यंत न्या.